सिल्व्हॅनसचा गुन्हा सिल्व्हॅनसकडेच राहू द्या : वॉरक्राफ्टच्या स्टोरी टीमला खुलं पत्र

नमस्कार,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची गोष्ट लिहिणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे. ब्लिझार्डमध्ये, म्हणजे हा गेम बनवणाऱ्या कंपनीत, बसून क्वेस्ट (प्लेयरला दिलेली कामं) लिहिणारे, सिनेमॅटिक बनवणारे, कुठल्या कॅरेक्टरचं पुढे काय करायचं हे ठरवणारे, सगळे आले त्यात. मराठीत लिहितोय कारण मी ज्यांच्याबरोबर हा गेम खेळतो ते सगळे मराठीतच भांडतात, आणि सिल्व्हॅनसवरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याच कॅरेक्टरवरून झाली नाहीत. भारतात या गेमचा सर्व्हर नाही म्हणून आम्ही युरोपात खेळतो. थंडीच्या दिवसांत तिकडे रात्री आठला रेड (सगळ्यांनी मिळून बॉस मारायची मोहीम) सुरू होते तेव्हा पुण्यात साडेबारा वाजलेले असतात, सकाळी परत ऑफिस असतं, तरी लोक जागतात. लूटसाठी जागतात हे खरंय, पण लूट तर दुसऱ्या गेममध्येही मिळते. या गेममध्ये माणसं आहेत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. टेल्ड्रासिल, नाइट एल्फ लोकांची वस्ती असलेलं प्रचंड झाड, सिल्व्हॅनसनं जाळलं, शुद्धीत असताना जाळलं, स्वतः हुकूम देऊन जाळलं. तो गुन्हा तिचा आहे आणि तो तिच्याकडेच राहू द्या. तुम्ही तो तिच्याकडून हळूहळू काढून घेतलात, थोडा जेलर या खलनायकावर टाकलात, थोडा फ्रॉस्टमोर्न या तलवारीवर, थोडा चक्क एल्यून या देवीवर, आणि फॅन्स जे इतके चिडले ते यामुळे चिडले. ती वाईट झाली म्हणून चिडले असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही. हॉर्ड (गेममधल्या दोन बाजूंपैकी एक, दुसरी अलायन्स) खेळणारी माणसं आहोत आम्ही, वाईट माणसं आम्हाला चालतात.

ज्यांनी गेम खेळला नाही पण हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. सिल्व्हॅनस विंडरनर ही सिल्व्हरमूनच्या एल्फ लोकांची सेनापती. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये आर्थस नावाचा राजपुत्र फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार घेऊन तिच्या देशावर चालून येतो, ती त्याला पावलोपावली अडवते, शेवटी पडते, आणि मरण मागते तर तो तेही देत नाही, तिचा आत्मा ओढून काढून तिला बॅन्शी, म्हणजे भूत, करून स्वतःच्या सैन्यात जुंपतो. ज्या लोकांना वाचवायला ती लढली त्यांनाच तिच्या हातून मारवतो. पुढच्याच वर्षी, फ्रोझन थ्रोनमध्ये, ती त्याच्या तावडीतून सुटते आणि आपल्यासारख्याच सुटलेल्या मढ्यांना गोळा करून फोरसेकन उभे करते, लॉर्डेरॉनच्या पडक्या राजधानीच्या खाली, अंडरसिटीत. २००४ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आलं तेव्हापासून अनडेड खेळणाऱ्या प्रत्येकाची ती राणी. डार्क लेडी. ज्यांना जगानं हाकलून दिलं त्यांना तिनं घर दिलं, तिच्यावर एवढा जीव लावणारी माणसं का आहेत याचं उत्तर यातच आहे.

आणि हे तुम्ही किती हलक्या हातानं केलं होतंत ते तुमच्याच टीमला आठवतंय का बघा. २००७ च्या बर्निंग क्रुसेड या एक्सपान्शनमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या भागात, घोस्टलँड्समध्ये फिरताना, विंडरनर स्पायरच्या आसपास, एखादं मढं मारलं की एक गळ्यातलं लॉकेट मिळायचं. अलेरियानं, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीनं, तिला दिलेलं. ते घेऊन अंडरसिटीत तिच्यापुढे गेलं की ती आधी क्षणभर गोंधळते, मग एकदम कडक होते, मी फोरसेकनची राणी व्हायच्या आधीच्या दिवसांसाठी झुरते असं वाटलं काय तुला, अशा अर्थाचं काहीतरी बोलते, लॉकेट टाकून देते आणि आपल्याला जायला सांगते. क्वेस्ट तिथेच संपते, एक्सपी मिळतो, बरेच जण वळून निघूनही जायचे. पण जो थांबला त्याला दिसायचं की ती एकटी राहिल्यावर तिच्याभोवती बॅन्शी वर येतात आणि ती थॅलॅसियनमध्ये, तिच्या जुन्या भाषेत, तिच्या मेलेल्या लोकांसाठी गाते. सिनेमॅटिक नाही, कॅमेरा नाही, आजूबाजूला दुसरे प्लेयर आपापलं सामान विकायला पळतायत आणि मधोमध ही उभी राहून गातेय. एवढ्याशा प्रसंगावर लोकांनी पुढची दहा वर्षं तिला धरून ठेवलं. तिच्या आत काय उरलंय हे तेव्हा आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आम्ही ते पाहिलं होतं.

म्हणजे २०२१ ला तुम्ही जेव्हा सांगितलंत की बाई, आर्थसनं मारलं तेव्हाच तिच्या आत्म्याचा चांगला तुकडा फ्रॉस्टमोर्ननं कापून नेला होता आणि इतकी वर्षं ती अर्ध्या आत्म्यानं वावरत होती, तेव्हा ते लॉकेट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसानं काय समजायचं? मग गात कोण होतं? हा प्रश्न मला आजही पडतो आणि त्याचं उत्तर गेममध्ये कुठेही नाही.

मधल्या वर्षांत ती काही साधी राहिली होती असं नाही, ते मीही मान्य करतो. आर्थस मेल्यावर तिच्या जगण्याचा हेतूच संपला, मग व्हॅल'किर या मेलेल्यांना उठवणाऱ्या आत्म्यांबरोबर करार, मग २०१० च्या कॅटाक्लिझममध्ये गिल्नियसवर हल्ला, साउथशोअरवर प्लेग, मेलेल्यांना उठवून आपलं सैन्य वाढवणं. ती घसरत होती. पण ते घसरणं आम्ही स्वतः तिच्या बाजूला उभं राहून पाहिलं, सिल्व्हरपाइनमध्ये तिच्या हुकमावर क्वेस्ट केल्या, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हिला आपल्या लोकांसाठी हे करावं लागतंय, आणि मग वाटायचं की खरंच लागतंय का. त्या दोन वाटण्यांच्या मधे ती जगत होती म्हणून ती ग्रेट होती. मग २०१६ ला लिजनमध्ये हॉर्डचा वॉरचीफ (सगळ्यांचा प्रमुख) वोल'जिन मरताना ती जागा तिला देऊन गेला आणि आमच्याकडे तर अक्षरशः जल्लोष झाला होता.

मग जुलै २०१८. बॅटल फॉर ॲझेरॉथ यायच्या आधीचे ते आठवडे.

हॉर्डची फौज ॲशेनव्हेलमधून डार्कशोअरपर्यंत रेटत गेली, ठरलं होतं टेल्ड्रासिल ताब्यात घ्यायचं, जाळायचं नाही. हॉर्डचा म्हातारा सेनापती सॉरफँग, त्यानं नाइट एल्फांचा नेता माल्फ्युरियन याच्यावर पाठीमागून कुऱ्हाड घातली आणि मग त्याचं त्यालाच इतकं लागलं की तो शेवटचा घाव घालू शकला नाही, नाइट एल्फांची प्रमुख टायरांडा नवऱ्याला, म्हणजे माल्फ्युरियनला, घेऊन गेली. आणि किनाऱ्यावर डेलॅरिन नावाची एक नाइट एल्फ मरत पडलीय आणि सिल्व्हॅनस तिच्याशी बोलतेय, जवळजवळ प्रेमानं बोलतेय, आणि डेलॅरिन तिला सांगते की आम्हाला मारशील पण आशा मारता यायची नाही. तेवढ्यावर ती वळून झाडाकडे बघते आणि म्हणते जाळा. तिच्या माणसांना कळतच नाही, ती परत ओरडते. आणि डेलॅरिनचं तोंड धरून तिला ते बघायला लावते.

हा सीन तुम्ही अप्रतिम केलात, हे मी मनापासून म्हणतोय. त्यात ती कुणाच्या ताब्यात नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, दुखावलेपण, चीड, स्वतः एकदा जे भोगलं तेच समोरच्याला भोगायला लावणं. आर्थसनं तिच्याशी जे केलं तेच ती डेलॅरिनशी करते. एवढं लिहून झालं होतं की तुमचं! पुढचं सगळं यातूनच काढता आलं असतं.

आणि त्याच वेळी गेममध्ये काय चाललं होतं ते बघा. अलायन्सवाल्यांना जळत्या डार्नाससमध्ये, म्हणजे त्या झाडावरच्या शहरात, पाठवलं, लोकांना वाचवा म्हणून, आणि आकडा एवढा मोठा ठेवला की दिलेल्या वेळात तो पूर्ण होणं शक्यच नव्हतं. माझ्या ओळखीतली एक जण नाइट एल्फ प्रीस्ट खेळायची, तिनं गेम सुरू केला तोच मुळी त्या झाडावर, पहिली लेव्हल, पहिली क्वेस्ट सगळं तिथलं. ती त्या धुरात शेवटपर्यंत क्लिक करत राहिली, वेळ संपला, स्क्रीन काळी झाली, आणि हेडसेटवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. इकडे हॉर्डवाल्यांना नाही म्हणायचा पर्यायच नव्हता. आम्ही डार्कशोअरमध्ये माणसं मारली होती, आता किनाऱ्यावर उभं राहून बघा. दोन्हीकडच्या लोकांना तुम्ही त्या गुन्ह्यात हातानं ओढलंत, एकाला बळी म्हणून आणि दुसऱ्याला साथीदार म्हणून, आणि मला वाटतं या गेमनं केलेल्या सगळ्यात धाडसी गोष्टींपैकी ती एक होती. पण असं केलं की एक जबाबदारी येते. ज्याला तुम्ही साथीदार केलं त्याला पुढे हिशेब बघायचा हक्क आहे, ज्याला बळी केलं त्याला तर आहेच आहे.

तो हिशेब झाला नाही. पुढे आम्हाला निवडायला लावलंत की सॉरफँगच्या बाजूनं की सिल्व्हॅनसच्या, बऱ्याच जणांनी विचार करून तिची बाजू घेतली कारण त्यांना वाटलं हिच्या मनात काहीतरी मोठं आहे, आणि त्या निवडीचं पुढे म्हणावं असं काही झालंच नाही. मग सप्टेंबर २०१९ मध्ये हॉर्डची राजधानी ऑर्ग्रिमारच्या दारात मॅक'गोरा (दोघांची मरेपर्यंतची झुंज), सॉरफँग तिला डिवचतो आणि ती फुटते, हॉर्ड कुणी नाही, तुम्ही कुणीच नाही, असं सगळ्यांसमोर ओरडते, त्याला मारते आणि उडून जाते. फोरसेकन खेळणारा माझा एक मित्र आहे, पहिल्यापासून अनडेड वॉरलॉक, त्याला सॉरफँग मेल्याचं दुःख झालंच पण त्या एका वाक्याचं जास्त झालं. तो म्हणाला, आपल्याला पण म्हणाली ना ती. फोरसेकनना पण.

आणि मग शॅडोलँड्स, मेलेल्यांच्या जगात घडणारं एक्सपान्शन.

जून २०२१, चेन्स ऑफ डॉमिनेशन हा पॅच. आम्ही सँक्टम ऑफ डॉमिनेशनची रेड चढून वर गेलो, ती शेवटची बॉस. लोकांच्या मनात केवढं काय काय होतं! आणि शेवटी काय, तर जेलर सगळ्यांना गुलाम करणार हे तिच्या लक्षात येतं (इतका वेळ त्याच्या शेजारी उभी होती), ती त्याच्यावर बाण सोडते, तो तिच्या आत्म्याचा तुटलेला तुकडा तिच्यात परत घालतो, ती कोसळते. डोळे निळे होतात. म्हणजे जी जाळत होती ती ही नव्हेच, किंवा अर्धीच होती. पश्चात्ताप तिला स्वतःला व्हायला हवा होता, रात्री झोप न येता, कुणाच्या तरी डोळ्यात बघता न येता, आणि तो तिला बाहेरून बसवला.

त्याच रेडमध्ये गॅरॉश आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गॅरॉश हेलस्क्रीम, ज्यानं २०१२ ला थेरामोर या अलायन्सच्या शहरावर मॅना बॉम्ब टाकला, हॉर्डचा वॉरचीफ, त्याचाही गुन्हा टेल्ड्रासिलच्याच जातीचा. जेलरचा हस्तक डोर्मझेन, त्यानं त्याला साखळदंडात बांधून त्याचा आत्मा पिळायला ठेवलंय, आणि शेवटी तो काय म्हणतो? मला कशाचाही पश्चात्ताप नाही, आणि स्वतःला जाळून संपवतो. लोकांनी त्याला सलाम केला. गॅरॉश आवडायचा नाही अशा लोकांनीही केला. त्याला कुणी बरोबर म्हणत नव्हतं, तो चूकच होता, पण जे केलं ते मी केलं असं म्हणून गेला. एकाच इमारतीत, थोड्या मजल्यांच्या अंतरावर, तुम्हीच एक कॅरेक्टर असं लिहिलंत आणि दुसरं तसं. त्यामुळे तुम्हाला हे जमत नाही असं मी म्हणणार नाही, जमतं तुम्हाला, म्हणून तर पत्र लिहितोय.

एल्यूनचं तर मला लिहवतही नाही नीट. टायरांडा एल्यूनची सूडाची शक्ती अंगात घेऊन, नाइट वॉरियर होऊन मरायच्या टोकाला पोचलेली, तिचा राग खरा, तिच्या लोकांचा राग खरा, आणि तिथे कळतं काय तर देवीनं झाड जळताना थांबवलं नाही कारण तिला वाटलं हे आत्मे आर्डनवील्डला, मेलेल्यांच्या जगातल्या एका भागात, तिच्या बहिणीकडे पोचतील, तिकडचा दुष्काळ संपेल, आणि ते सगळे थेट मॉमध्ये, म्हणजे जेलरच्या नरकात, पडतायत हे तिला माहीतच नव्हतं. अरे! ज्या मुलीनं त्या धुरात शेवटपर्यंत क्लिक केलं तिला तुम्ही सांगताय की हा गैरसमज होता. देवीचं बहिणीला मदत करायचं राहून गेलं. नाइट एल्फ खेळणाऱ्या लोकांनी तेव्हा जे लिहिलं, जे ओरडले, ते मी वाचलंय, त्यात शिव्या होत्या, पण त्याखाली दुःख होतं, आणि ते दुःख अगदी सरळ होतं की आमचं एवढं मोठं काहीतरी गेलं आणि ज्यांनी नेलं त्यांच्यातल्या कुणाचाच तो दोष नव्हता म्हणे.

आपल्याकडे अश्वत्थाम्याची गोष्ट प्रत्येक घरात माहितीये. रात्री छावणीत शिरून झोपलेल्या पोरांना मारलं त्यानं. त्याच्याकडे कारण होतं, बाप कपटानं मारला गेला होता, आणि ते कारण आपण कुणी नाकारत नाही, त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. पण त्याच्या कपाळावरचा मणी काढला तो त्याच्याच कपाळावरचा, भळभळती जखम त्याची, आणि ती घेऊन तेल मागत तो अजून फिरतोय असं सातपुड्यात लोक सांगतात. हजारो वर्षं झाली, कुणालाही त्याच्यासाठी अर्ध्या आत्म्याची सोय करावीशी वाटली नाही. त्याची कीव येते ती तो गुन्हा त्याचाच आहे म्हणून येते.

आणि गंमत म्हणजे तुम्ही सिल्व्हॅनसला शिक्षा जवळपास तीच दिलीत. २०२२ च्या इटर्निटीज एंड या पॅचमध्ये निवाडा टायरांडाच्या हातात दिलात, ते शंभर टक्के बरोबर केलंत, तो हक्क तिचाच होता. तिनं ठार मारलं नाही, मॉमध्ये पाठवलं, तिथे अडकलेला एकूण एक आत्मा शोधून बाहेर काढेपर्यंत. सिल्व्हॅनसनं माफी मागितली नाही, निमूट मान्य केलं. टायरांडानं आपलं घुबड, डोरिथुर, तिच्याबरोबर दिलं. ते घुबड तिच्या वरून उडत जातंय आणि ती त्या राखेच्या देशात एकटी चालत निघालीय, हे चित्र इतकं मोठं आहे की तुमच्या आधीच्या सगळ्या चुका पोटात घालून मी ते आवडून घेतलं. पण त्याला आत्म्याच्या तुकड्याचं ठिगळ लागलंय ना. ही शिक्षा भोगणारी कोण? जिनं केलं ती, की जिला आठवतंय फक्त ती? ते ठिगळ नसतं तर या कथेला तोड नव्हती.

कुणी म्हणेल फॅन्सचं कधीच समाधान होत नाही. खोटं आहे ते. सॉरफँगचंच बघा. २००८ ला रॅथ ऑफ द लिच किंग मध्ये, वॉरसाँग होल्डमध्ये, तो तरण्या गॅरॉशला सांगतो की मी डुकराचं मांस खात नाही. का, तर कापताना डुक्कर जे ओरडतं ते ऐकून त्याला ड्रेनाय या दुसऱ्या वंशाच्या पोरांच्या किंकाळ्या आठवतात, जी त्याच्या लोकांनी मारली. आणि परत हॉर्डला त्या वाटेवर नेलंस तर मी स्वतः तुला मारीन म्हणतो. हे बोलणं क्वेस्टमध्येही नाही, दोघं उभे राहून बोलतायत, जाताजाता कानावर पडतं. मग त्याचा मुलगा लिच किंगच्या, म्हणजे त्याच आर्थसच्या, दारात पडतो, पुढच्या वर्षी आइसक्राउनमध्ये तोच मुलगा मढं होऊन आपल्याशी लढतो, आणि बाप येऊन प्रेत उचलून घेऊन जातो. म्हणून २०१८ मध्ये तो म्हातारा चिलखत उतरवून एकटा लढाईवर निघतो आणि एक पोरगेला ट्रोल त्याला थांबवतो तेव्हा लोक रडले. त्या ट्रोलला तर नावही नव्हतं, लोकांनी त्याला लाडानं झॅपीबॉय म्हणायला सुरुवात केली, आणि तुम्ही ऐकलंत, त्याला झेखान नाव दिलंत, गेममध्ये आणलंत. दहा वर्षांचं पेरलेलं उगवलं होतं आणि फॅन्सनी ते बरोबर ओळखलं.

अलायन्सचा तरुण राजा अँडुइनही तसाच. जेलरनं त्याला बाहुलं करून त्याच्या हातून जे करवून घेतलं ते त्याच्या इच्छेविरुद्ध होतं, म्हणजे सुटका द्यायची तर यालाच द्यायला हवी, आणि तरी तुम्ही त्याला स्वस्तात सोडलं नाहीत. तो घरी परतला नाही, गादी ट्युरालियनच्या हातात राहिली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लिझकॉनला वॉर विदिन या एक्सपान्शनचं सिनेमॅटिक आलं त्यात तो सिलिथसच्या वाळवंटात जमिनीत रुतलेल्या प्रचंड तलवारीखाली वाढलेली दाढी घेऊन बसलाय. पुढे खॅझ अल्गार या नव्या भूमीत उतरल्यावरही लाइट, म्हणजे त्याची पवित्र शक्ती, त्याच्या हाताला येत नाही, फेरिन नावाची तिथली एक योद्धा त्याच्याशी बोलते, तो ऐकतो, परत कोसळतो. हळूहळू जातंय ते. आणि लोकांना आवडलंय! जो माणूस निर्दोष त्याला तुम्ही अपराधाचं ओझं घेऊन चालू दिलंत आणि जी दोषी तिचं ओझं उतरवून ठेवलंत, हे उलटं झालं असं तुम्हालाच लिहिताना वाटलं नाही का?

आता एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांना, याच पत्रात, कारण तुम्हीही ती वाचावी असं मला वाटतं. स्टोरी आवडली नाही म्हणून कुणा लेखकाचं नाव शोधून त्याच्या मागे लागणं, त्याच्या घरच्यांना ओढणं, धमक्या देणं, हे जे झालं आणि अधूनमधून अजून होतं, ते घाण आहे आणि मी त्यात नाही. ही गोष्ट शेकडो लोक मिळून बनवतात, पॅच कापले जातात, वेळ कमी पडतो, एकानं लिहिलेलं दुसरा बदलतो. एका माणसाला खलनायक करून मोकळं होणं म्हणजे तर जेलरवर सगळं ढकलण्यासारखंच झालं. सिल्व्हॅनस आवडते म्हणणाऱ्या बाईला टेल्ड्रासिलवरून रोज शिव्या घालणारे अलायन्सवाले, आणि नाइट एल्फनी रडगाणं थांबवावं म्हणणारे आमचे हॉर्डवाले, दोघांनाही सांगतो, समोरचा जो चिडलाय तो या जगात जीव लावून बसलाय म्हणून चिडलाय. ज्याला फरक पडत नाही तो केव्हाच दुसरा गेम खेळायला गेला.

तर मागणं काय आहे. वर्ल्डसोल सागा तीन भागांची म्हणालात, वॉर विदिन, मिडनाइट, द लास्ट टायटन. मिडनाइट म्हणजे क्वेल'थलास, सिल्व्हरमून, सनवेल, तिचं घर, जिथे ती पडली ती जमीन. तिथे तिच्या नावाशिवाय काही होऊच शकत नाही, तिथला प्रत्येक दगड तिला ओळखतो. सिल्व्हॅनसचं जे काही पुढे लिहाल, लगेच लिहा की काही वर्षांनी, त्यात कृपा करून तिला हिरो म्हणून ऐन वेळी धनुष्य घेऊन उडी मारायला लावू नका. लोक टाळ्या वाजवतील, मीही वाजवीन कदाचित, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच भांडण सुरू होईल.

आधी तिला बोलू द्या. आत्म्याच्या तुकड्याबद्दल एक वाक्य तिच्याच तोंडून येऊ द्या, की तुकडा नव्हता तरी मला कळत होतं मी काय करतेय. एवढं एक वाक्य आलं तरी तुमची अर्धी चूक दुरुस्त होते, जुनं काही पुसायचीही गरज नाही.

फोरसेकनसमोर तिला आणा. मे २०२२ मध्ये त्यांना लॉर्डेरॉन परत मिळालं, कौन्सिल बसलं, आर्थसची बहीण कॅलिया आली, सगळं झालं, पण ती ज्यांना कुणी नाही म्हणाली त्यांच्याशी तिचं बोलणं राहिलंय. माझा तो वॉरलॉकवाला मित्र अजून तोच गेम खेळतो, तेच कॅरेक्टर, आणि त्याला तिच्याकडून माफी नकोय, ती काय उत्तर देते ते ऐकायचंय.

आणि मॉमधून जे आत्मे ती काढतेय ते आम्हाला दिसू द्या. आकड्यात नको, एकेक माणूस. डेलॅरिनची तर गोष्ट तिथवर थांबलीच नव्हती, त्याच किनाऱ्यावर सिल्व्हॅनसच्या बाजूनं लढायला तिला उठवली होती, तिचा विचार करा. टेल्ड्रासिलवरचा एखादा साधा माणूस, भाजी विकणारा, इन चालवणारी, ज्याला लोकांनी पहिल्या लेव्हलला पाणी आणि पाव विकत घेताना पाहिलंय, तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिच्याबरोबर यायला नाही म्हणाला, तर? तिनं काय करायचं? मारून न्यायचं नाही, जादू नाही, जेलर नाही. बसून राहायचं त्याच्यासमोर, तो हो म्हणेपर्यंत. ही क्वेस्ट मला खेळायचीय, तिच्या बाजूनं नाही, त्या माणसाच्या बाजूनं. आणि ती अलायन्स आणि हॉर्ड दोघांनाही खेळायला द्या, ज्या मुलीचा आकडा पूर्ण झाला नव्हता तिला आधी द्या.

सिनेमॅटिक नसलं तरी चालेल. दोन कॅरेक्टर उभी राहून बोलतायत, बाजूनं लोक पळतायत, ज्याला थांबायचंय तो थांबेल.

तुमचा,
अंडरसिटीत ते लॉकेट देऊन थांबलेला हॉर्डचा एक प्लेयर, पुणे